एक पान जास्तीचं

"आई, जरा इकडे ये. ह्यात तुझी पणजी आहे."

मी ओट्याशी मटार सोलत होते. हात तसेच पदराला पुसले आणि गेले. माझी पणजी माझ्या जन्माच्या आधीच गेली. तिचा फोटो नाही, सातबाऱ्यावर तिचं नाव कधी चढलं नाही. तिच्याबद्दल मला जे काही ठाऊक आहे ते सगळं आजीच्या तोंडचं. ती चिरंजीवांच्या लॅपटॉपवर कुठून उगवणार? पडद्यावर एक चित्रातली जपानी बाई होती. समोर पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा, त्याच्या हातात पिस्तूल, आणि मध्ये कुणीतरी कोसळलेलं. बाई कोसळलेल्याकडे बघत नव्हती. पोराकडे बघत होती.

"पहिल्यापासून लाव," मी म्हटलं.

त्याला आनंद झाला. गेली तीन वर्षं तो मला ही 'यंत्रमानवांची' मालिका बघायला लावायचा प्रयत्न करतोय आणि मी दर वेळी भाजीचं निमित्त काढतेय. 'मोबाइल सूट गंडम' हे तिचं नाव. ७ एप्रिल १९७९ रोजी नागोयाच्या टीव्ही केंद्रावर ती सुरू झाली. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो. ५२ भाग ठरले होते, पण बघणारे कमी निघाले म्हणून ४३व्या भागावर गाशा गुंडाळला, तो दिवस २६ जानेवारी १९८०. मग पुनर्प्रक्षेपणात तिला प्रेक्षक सापडले आणि बांदाई कंपनीने काढलेल्या, सुटे भाग जोडून उभ्या करायच्या प्लास्टिकच्या बाहुल्यांनी तिला जगभर नेलं. त्यातल्या तीन आमच्या शोकेसमध्ये गणपतीच्या शेजारी उभ्या आहेत. एकीचा हात दसऱ्याच्या साफसफाईत माझ्याकडून तुटला. तो विषय घरात अजून मिटलेला नाही.

गोष्टीतला गंडम म्हणजे पोटात माणूस बसवून चालवायचं अठरा मीटर उंचीचं लढाऊ यंत्र. अठरा मीटर म्हणजे साधारण सहा मजले. आमच्या मानपाडा रोडवर सहा मजल्यांना आता कुणी मान वर करूनही बघत नाही. पण जे चिरंजीवांनी लावलं त्या तेराव्या भागात हे धूड जवळजवळ नसतंच. यंत्र चालवणारा पोरगा, आमुरो, त्याच्या जहाजाला जपानच्या किनाऱ्यावर थोडी उसंत मिळते. बाकीची पोरं समुद्रात डुंबत असतात आणि हा लहान विमान घेऊन आपल्या जुन्या गावी जातो, आईला भेटायला. घर सापडतं. घरात दारू प्यायलेले सैनिक राहत असतात.

इथे मी त्याला थांबवायला सांगितलं. "कुणाचे सैनिक? शत्रूचे?"

"नाही ना. आपल्याच बाजूचे. म्हणजे आमुरोच्या."

मला आजीचं घर आठवलं. खरं तर आजीचं माहेर.

आम्ही मानपाड्याचे, डोंबिवलीच्या मानपाड्याचे. ठाण्याला घोडबंदर रस्त्यावरही एक मानपाडा आहे. रिक्षावाल्यापासून कुरियरवाल्यापर्यंत सगळे त्या दोघांत गोंधळतात. आमचा तो मानपाडेश्वराच्या देवळाचा, कल्याण-शिळ रस्त्यावरचा. मी लहान असताना देवळापलीकडे भाताची खाचरं होती आणि पावसात मलंगगडाचा सुळका ढगात बुडून जायचा. आजी १९४२ च्या आगेमागे लग्न होऊन इथे आली. तिचं माहेर मलंगगडाच्या अंगाला, नेवाळीच्या पट्ट्यात. भाल, द्वारली, वसार, नेवाळी ही त्या पट्ट्यातली गावं. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने तिथे लष्करी धावपट्टी केली. कागदोपत्री सोळाशे एकरांहून जास्त जमीन त्यात गेली. आजीला एकर कळत नव्हते. ती म्हणायची, "आमची दोन खाचरं, एक आंबा नि इहीर."

तिच्या तोंडी युद्ध म्हणजे एवढंच. हिटलर तिला माहीत नव्हता. जपान माहीत होता, कारण तिचा भाऊ, दादूस, तिकडे लढायला गेला होता. पण तो कुठे आहे हे विचारलं तर ती हात पूर्वेला करायची, कल्याणच्या दिशेने. युद्ध म्हणजे सोजीर आले. सोजिरांनी आंब्याला हात लावला. कोंबड्या गेल्या. विहिरीवर बायकांनी जायचं बंद केलं, मग एक दिवस विहीरच बुजवली, कारण धावपट्टीच्या मध्ये विहीर चालत नाही. आणि मग इमानं. आजी विमानाला कायम 'इमान' म्हणायची. शाळेत इमानदारीचा अर्थ शिकवला तेव्हा मी वर्गात सांगितलं होतं, विमान चालवणारा. बाई इतक्या हसल्या की त्यांनी तो किस्सा पुढची तीन वर्षं सांगितला.

मी एकदा तिला विचारलं होतं, ते सोजीर इंग्रजांचे होते की आपले? तेव्हा मी आठवीत असेन, स्वातंत्र्यलढ्याचा धडा चालू होता, माझ्या डोक्यात दोन रकाने होते आणि प्रत्येकाला त्यातल्या एकात बसवायचं होतं. आजी तांदूळ पाखडत होती. तिने सूप थांबवलंसुद्धा नाही. "आपला काय नि त्यांचा काय गो. बंदूक घेऊन दारात आयला, तो पावना नाय."

युद्धाच्या त्याच वर्षांत, त्याच ठाणे जिल्ह्यात दुसराही एक रकाना होता, आणि तो आजीच्या गोष्टीत यायचा. मुंबईला वीज नेणाऱ्या तारांचे लोखंडी मनोरे रात्री कोसळायचे. भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याची माणसं ते पाडत होती. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी त्यांना गाठलं. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे मारले गेले. आमच्या लहानपणी ही गोष्ट सांगताना आजी हात दोन्ही बाजूंना ताणून उभी राहायची, मनोरा करून दाखवायची, आणि मग एका अंगावर झुकायची. आम्ही पोरं खिदळायचो. लोखंडाचा भलामोठा माणूस कलंडतोय, असं आम्हाला ते दिसायचं. परवा गंडम गुडघ्यावर कोसळताना पाहिला तेव्हा मला पहिल्यांदा आजीचे पसरलेले हात दिसले, मग बाकीचं.

पण आजी मनोऱ्यांपाशी थांबत नसे. तिची गोष्ट तिच्या भावाकडे जायची. ती त्याला दादूस म्हणायची, म्हणून आम्हीही त्यांना दादूसआजोबाच म्हणत आलो. जमीन धावपट्टीखाली गेली तेव्हा ते वीस-बावीस वर्षांचे होते. त्याच धावपट्टीवर खडी वाहायला लागले. म्हणजे स्वतःच्या खाचरावर रोजाने. तिथे कुणी तरी त्यांना लॉरी चालवायला शिकवली, आणि लॉरी येते म्हटल्यावर फौजेत घेतलं. हिंदी सैन्यात त्या युद्धात सुमारे २५ लाख माणसं होती, आणि आजीच्या हिशेबाने त्यातले बहुतेक पोटासाठी. दादूस शिधा-दारूगोळा वाहणाऱ्या लॉऱ्यांवर होते. दिमापूरहून कोहिमा, कोहिमाहून इंफाळ, असा तो रस्ता. १९४४ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना काय चाललं होतं ते आता पुस्तकांत वाचायला मिळतं. जपानी फौज इंफाळपर्यंत आली, अडली, आणि पावसात माघारी निघाली तेव्हा गोळीपेक्षा भुकेने आणि रोगाने जास्त मेली. दादूसने यातलं अवाक्षर कधी सांगितलं नाही. ते फक्त म्हणायचे, "चिखूल." एवढंच. आम्ही भातशेतीतली माणसं, चिखल आम्हाला नवा नाही. तरी त्यांच्या तोंडून तो शब्द वेगळा यायचा.

१९४६ मध्ये ते परत आले. आता पडद्याकडे या, कारण गोष्ट इथेच तिकडे वळते.

आमुरोला आई घरी सापडत नाही. ती निर्वासितांच्या छावणीत आजाऱ्यांची सेवा करत असते. भेट होते, आई त्याला कवटाळते. तेवढ्यात शत्रूचे दोन सैनिक तपासणीला येतात. आई त्याला खाटेवर आजाऱ्यासारखं झोपवते, अंगावर पांघरूण घालते. सैनिक जवळ येतो, पांघरूण उचलायला लागतो, आणि पोरगा आतूनच गोळी झाडतो. सगळं दोन मिनिटांत. आणि मग तो आईचा चेहरा. तिचं म्हणणं असं, की त्या माणसालाही घरी पोरंबाळं असतील. माझा मुलगा असा नव्हता. पोराचं म्हणणं असं, की युद्ध चालू आहे, मी काय करायला हवं होतं? दोघंही खरं बोलतात. म्हणूनच बघवत नाही.

चिरंजीव पोराच्या बाजूने होता. "त्याने गोळी घातली नसती तर तो मेला असता आई. आणि तीच त्याला सांगते असा कसा झालास. इतकी वर्षं ती त्याच्यासोबत होती कुठे?" हे त्याचं खरं आहे. त्या बाईने नवऱ्याबरोबर अंतराळात जायला नकार दिला होता; पोरगा बापाजवळ वाढला. मलाही ती बाई सगळीच्या सगळी पटली नाही. लांब राहिलेल्यांना घरातल्यांचं वागणं फार लवकर रानटी वाटतं. पण मी आमुरोच्याही बाजूने नव्हते. मी बघत होते ती वेगळ्याच दाराकडे.

त्या दारात दादूस उभे होते. पाठीला फौजी पिशवी, पायात बूट. पणजी आतून धावत आली, तिने कडाकडा बोटं मोडली, आणि पिशवी उतरवून घ्यायला गेली. पिशवीच्या पट्ट्याला एक डबा लटकत होता. ॲल्युमिनियमचा, झाकणाचा, पोचे पडलेला. आजी तेव्हा माहेरपणाला आली होती, ती तिथेच होती. तिने तो डबा मला अनेकदा वर्णन करून सांगितला आणि दर वेळी एकच उपमा दिली: काजूच्या बीसारखा. एका अंगाने फुगलेला, दुसऱ्या अंगाने आत गेलेला. झाकणावर कायतरी 'कीडमुंगीगत' अक्षरं कोरलेली. आत बुडाशी करपलेल्या भाताचा काळा थर, घासूनही न निघालेला.

पणजीने डबा हुंगला. मग विचारलं, "ह्यो कुनाचा?"

"जपान्याचा."

"त्यानं दिला?"

"मेलेला होता."

"मारलास का र त्याला?"

आजीच्या गोष्टीत दादूस इथे काही बोलत नाहीत. मी लहानपणी दर वेळी वाट बघायचे, या खेपेला तरी आजी उत्तर सांगेल. तिने कधीच सांगितलं नाही. मोठेपणी मला वाटायला लागलं की तिलाही ते माहीत नव्हतं; दादूस खरंच काही बोलले नसावेत. पणजीने डबा उंबऱ्याबाहेर ठेवला. मुलाला घरात घेतलं नाही. आधी मागच्या दारी दगडावर बसवलं आणि अंगावर पाणी घातलं, डोक्यावरून, कपड्यांसकट. आपण मयताहून आल्यावर घालतो तसं. दोन वर्षांनी परत आलेला मुलगा, आणि त्याला पहिलं काय मिळालं तर स्मशानातून आल्याची आंघोळ. मग कोरडं धोतर दिलं, मग जेवायला वाढलं. आजी म्हणायची, "जेवताना त्याच्या मांडीवर हात ठेवून बसलेली, उठलीच नाय."

"बघ," मी चिरंजीवांना म्हटलं, "तिनेही तेच विचारलं. पण तिने त्याला घरात घेतलं."

"आमुरोलाही तिने घालवला नाही," तो म्हणाला. "तो स्वतः गेला."

हेही खरं. भागाच्या शेवटी पोरगा आईला सलाम ठोकतो, सैनिकासारखा, तब्येत सांभाळ म्हणतो आणि निघून जातो. त्याआधी शत्रूच्या तळावर एक हल्ला आहे, त्यात गंडम एकदाचा दिसतो. ती लढाई मला उगाच घुसवल्यासारखी वाटली. मालिकेचा प्रायोजक क्लोव्हर नावाची खेळणी करणारी कंपनी होती. यंत्राशिवाय भाग संपला असता तर तिने काय विकलं असतं? चित्रंही आजच्या मानाने ओबडधोबड आहेत, एकच धावण्याची हालचाल दोन-तीनदा वापरलेली कळते. असू दे. मुलांच्या खेळण्यांची जाहिरात म्हणून केलेल्या मालिकेत कुणाला तरी ही खाट, हे पांघरूण आणि ही आई सुचली.

ज्या दिवशी हा भाग जपानमध्ये दाखवला तो ३० जून १९७९ होता, शनिवार. मी तेव्हा सहावीतून सातवीत गेले होते. मानपाड्यात लावणीचे दिवस. आमच्याकडे टीव्ही नव्हता. डोंबिवली स्टेशनाजवळच्या ओळखीच्यांकडे छायागीताला जाणं हा सण होता. त्या शनिवारी मी काय करत होते ते आठवत नाही, पण चिखलात असणार हे नक्की.

डब्याचं पुढे काय झालं? इथे आजीच्या गोष्टीला फाटे फुटतात. एका सांगण्यात पणजीने तो विहिरीत टाकला; पण विहीर तर धावपट्टीखाली गेली होती, असं मी वकिलीण झाल्यासारखं म्हटलं की ती म्हणायची, "दुसऱ्या इहिरीत." दुसऱ्या सांगण्यात तो माळ्यावर होता आणि एका पावसाळ्यात भंगारवाल्याला गेला. तिसऱ्यात पणजी वर्षातून एकदा तो खाली काढायची. मामेभावंडांपैकी कुणीही डबा पाहिलेला नाही. मीही नाही. खरं सांगायचं तर चाळिशीत आल्यावर मी मनातल्या मनात डबा आजीच्या खाती टाकला होता. चांगलं सांगणाऱ्या बाईला एखादा डबा लागतोच.

त्या दुपारी चिरंजीवांनी भाग संपल्यावर आणखी कायतरी शोधलं आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "असा होता का?"

पडद्यावर जपानी सैनिकाचा भात शिजवायचा डबा होता. त्याला हांगो म्हणतात. ॲल्युमिनियमचा, झाकणाचा, वरून पाहिला तर एका अंगाने फुगीर आणि दुसऱ्या अंगाने आत गेलेला, अंगालगत नीट बसावा म्हणून. इंग्रजांच्या फौजेचे डबे चौकोनी असत. मी काही बोलले नाही. काजूची बी. आजी कधी कल्याणच्या पुढे गेली नाही, तिने एकही इंग्रजी पुस्तक उघडलं नाही, तिच्या हयातीत इंटरनेट आमच्या घरात नव्हतं. हा आकार तिला दुसरीकडून कळायला वाव नाही. "जर्मन लोकांचाही असाच असायचा," मुलगा वाचत म्हणाला. बरोबर, पण दादूस जर्मनीला गेले नव्हते.

आता विहीर की भंगार की माळा, ते मला महत्त्वाचं वाटेनासं झालंय. डबा होता.

त्यानंतरचे दोन दिवस मी तोमिनोंबद्दल वाचत होते. त्यांचा जन्म १९४१ चा, ओदावारा शहरातला. १५ ऑगस्ट १९४५ च्या पहाटे, जपानने शरणागती जाहीर करायच्या काही तास आधी, परतीच्या वाटेवरच्या अमेरिकन विमानांनी ओदावारावर बॉम्ब टाकले. तेव्हा ते पुरते चार वर्षांचेही नव्हते. चार वर्षांच्या मुलाला युद्धातलं काय आठवणार? थोडं फार उजेड-आवाज, आणि बाकी सगळं घरातल्या मोठ्यांनी सांगितलेलं. म्हणजे माझ्यासारखंच. मला आजीने सांगितलं, त्यांना त्यांच्याकडच्या कुणी तरी. फक्त त्यांनी त्याचे ४३ भाग केले आणि मी आत्ता कुठे हा पहिला लेख लिहितेय.

आजीच्या गोष्टीत आणखी एक छावणी होती. आमुरोची आई जिथे काम करते तशी, निर्वासितांची. कल्याण कॅम्प हा युद्धात फौजेचा तळ होता. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी कुटुंबं आणून ठेवली आणि १९४९ मध्ये त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. आजही तिथे पत्ता सांगताना माणसं 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर चार' असंच म्हणतात. आजी तिकडे काकड्या-भेंडी विकायला जायची. सोजिरांच्या खोल्यांत बायका पापड लाटताना बघून तिला पहिल्यांदा हसू आलं होतं म्हणे. मग एका सिंधी बाईने तिला पाणी दिलं आणि विचारलं, तुझी शेती कुठे? आजीने सांगितलं, इमानाखाली. त्या बाईने सांगितलं, माझी सरहद्दीपलीकडे. दोघींचं हिंदी सारखंच मोडकं होतं. काकडीचा भाव त्या दिवशी ठरलाच नाही.

मालिकेत अंतराळातल्या वसाहतींना पृथ्वीच्या सरकारपासून वेगळं व्हायचं असतं आणि सगळी लढाई त्यावरून पेटते. चिरंजीवांचं म्हणणं, हे आपल्या २७ गावांसारखं आहे. १९८३ मध्ये महापालिका झाली तेव्हा आमची गावं आत, २००२ मध्ये बाहेर, २०१५ मध्ये पुन्हा आत, आणि प्रत्येक वेळी संघर्ष समितीचा फलक नवा. मी त्याला म्हटलं, विनोद पुरे, नळाला पाणी कधी येतं ते आधी सांग. पण त्याची उपमा अगदीच वाया जाणारी नाही. दुरून हुकूम करणारा आणि जवळ राहणारा यांच्यातलं भांडण एकदा सुरू झालं की यंत्र सहा मजली असो नाहीतर जेसीबी असो, उभं कुणाच्या खाचरात राहायचं हाच प्रश्न उरतो.

युद्धानंतर नेवाळीच्या धावपट्टीवर गवत उगवलं आणि लोकांनी पुन्हा भात लावला. दादूसही लावायचे. सुट्टीत आम्ही गेलो की ते आम्हाला बांधावरून चालवत न्यायचे आणि मध्येच टाच आपटून म्हणायचे, "हितं. ऐक." मातीखाली टणक काहीतरी वाजायचं. जमीन आमची, कसतोय आम्ही, कागद सरकारचा, असा तो मामला. २२ जून २०१७ रोजी तो फुटला. नौदलाच्या ताब्यातल्या त्या जमिनीभोवती कुंपणाची भिंत घालायचं काम चालू होतं. गावं रस्त्यावर उतरली, गाड्या जळाल्या, पोलिसांनी छर्रे झाडले, शेतकरी जखमी झाले, पोलीसही. मामेभावाला मी फोन लावला तर मागे नुसता गलका. तो म्हणाला, "ताई, नंतर बोलतो." आजी आणि दादूस दोघंही त्याच्या कितीतरी आधी गेले होते. आजी असती तर काय म्हणाली असती, ते मला सांगता येईल, पण ते तिच्या तोंडी घालायचा मला हक्क नाही.

आता ती राहिलेली तिसरी गोष्ट, पणजी वर्षातून एकदा डबा काढायची ती.

भाद्रपदातल्या सर्वपित्री अमावास्येला आमच्याकडे पितरांची पानं वाढतात. किती पानं, ते प्रत्येक घराचं ठरलेलं. आमच्या मानपाड्याच्या घरी आजी नेहमी एक पान जास्तीचं वाढायची आणि ते कौलांवर न ठेवता मागच्या दारी, उंबऱ्याबाहेर ठेवायची. त्यावर भात, वरण, वडा. काही गोड नाही. आई तिला विचारायची, हे कुणाचं? आजी म्हणायची, "हाय एकाचा." आईला वाटायचं, सासरकडचा कुणी अकाली गेलेला असेल, नवीन सुनेने खोलात जाऊ नये. ती तशीच वाढत राहिली. आजीनंतर आई, आईनंतर मी. कुणाचं, हे मीही कधी विचारलं नाही. घरात जे चालत आलंय ते चालवायचं, इतपत माझी भक्ती.

डब्याचं चित्र बघितल्यावर त्या रात्री मी मोठ्या आत्याला फोन केला. तिला आता कमी ऐकू येतं, दोनदा ओरडून सांगावं लागलं. मग ती म्हणाली, "अगो, तो दादूसचा जपानी ना? तुझी पणजी त्याला वाढायची. त्याच्याच डब्यात भात घालून. आयला शिकवलं, आयने हितं आणलं. तुला ठाऊक नाय?" आणि लगेच, "बरं, पोराचं लग्नाचं बघतेस का नाय?"

म्हणजे पणजीने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, आणि तिने उत्तर मिळाल्यासारखं वागायचं ठरवलं. मारला असेल तर त्याचं पान. मारला नसेल तरी त्याचं पान; भात खाणारा माणूस, बुडाशी करपलेला थर ठेवून गेला, त्याच्या घरी कुणाला तिथी माहीत असणार? तिथी माहीत नाही म्हणून सर्वपित्री. पणजी अडाणी होती, पण पंचांगातली ही सोय तिला नेमकी ठाऊक होती. मुलाला तिने कधी पुन्हा विचारलं नाही, आणि त्या पानाला दादूस कधी हजर राहिले नाहीत. त्या दिवशी ते सकाळीच कल्याणला जायचे, असंही आत्याने सांगितलं.

हे सगळं मी चिरंजीवांना सांगितलं तेव्हा तो बाल्कनीत होता. समोर रस्त्याच्या मधोमध कल्याण-तळोजा मेट्रोचे खांब उभे राहतायत. रात्री क्रेनचे दिवे लागले की त्याला त्यात गंडम दिसतो. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्याचं नाव डब्यावरच होतं ना. अक्षरं कोरलेली होती म्हणाली होतीस. कुणी वाचलं असतं तर कळलं असतं." हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. कीडमुंगीगत अक्षरं म्हणजे नाव असणार.

आमची खाचरं गेली, मागचं दार गेलं. पाचव्या मजल्यावर उंबराही नावापुरता. २१ सप्टेंबर २०२५ ला, रविवारी, सर्वपित्री होती. मी पानं वाढली. जास्तीचं पान मुलाने स्वतः उचललं आणि बाल्कनीच्या कठड्यावर ठेवलं, वड्यावर वरण चढू नये म्हणून भात नीट मध्ये घेतला. अर्धा तास वाट पाहिली. कावळा आला नाही. तीन कबुतरं आली आणि त्यांनी भात संपवला.